पूरक प्रॉडक्ट काढताय? आधी ‘रेव्हनलॉफ्ट’चा चाळीस वर्षांचा हिशेब बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘मूळ प्रॉडक्ट आणि पूरक प्रॉडक्ट’ हा विषय घेतला. व्हिडिओत वेळेच्या मर्यादेमुळे मुद्दे भराभर सांगावे लागतात. म्हणून आज त्याच विषयावर एक पूर्ण केस स्टडी. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

केस जरा वेगळी आहे. मसाले, टिफिन, क्लासेस असलं काही नाही. ही केस आहे एका भयाण कल्पित जगाच्या पुस्तकाची, जे टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळासाठी लिहिलं गेलं. हसू नका! यात जो हिशेब आहे तो तुमच्या दुकानालाही तसाच लागू होतो.

ही केस का निवडली?

आमच्या बॅचमध्ये एक तरुण आहे. ग्राफिक डिझाइनची नोकरी करतो. एका शनिवारी वर्ग संपल्यावर थांबला आणि बॅगेतून एक जाडजूड फाइल काढली. दोनशे चाळीस पानं! तीन वर्षं रात्री जागून त्याने एक काळोखं जग रचलं होतं. कोकणासारखा किनारा, समुद्राने गिळलेल्या वाड्या, आणि गावांवर उलटलेले त्यांचेच राखणदार. चित्रंही त्याचीच. खरं सांगतो, चित्रं बघून अंगावर काटा आला.

मग त्याने प्रिंटरचं कोटेशन दाखवलं. एक हजार प्रती, रंगीत, पक्की बांधणी, सोबत नकाशा आणि खोका. साडेचार लाख रुपये.

मी विचारलं, “पैसे कुठून आणणार?”

“आईची एफडी आहे सर. ती तयार आहे.”

मित्रांनो, मी लगेच काही बोललो नाही. कारण माझ्या स्वतःच्या दिवाणाखाली ‘सेल्स डायरी’च्या तीनशे प्रती अजून पडून आहेत. माझ्या कोर्सचं पूरक प्रॉडक्ट म्हणून पाचशे छापल्या होत्या. कोर्स करणारे सगळे ती घेतीलच असं मी धरून चाललो होतो. कुणालाही विचारलं नव्हतं. म्हणून त्याला एवढंच म्हटलं, “मला एक आठवडा दे. मी या धंद्याचा अभ्यास करतो, मग बोलू.”

त्या अभ्यासातून हा लेख तयार झालाय.

आधी खेळ समजून घ्या

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी एकत्र बसून गोष्ट रचायचा खेळ. प्रत्येक जण एक पात्र होतो. एक जण खेळ चालवतो. समोर काय दिसतंय, गावकरी काय बोलतात, दार उघडल्यावर आत काय आहे, हे तो सांगतो. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकायचे.

या प्रकारातला पहिला छापील खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातल्या टीएसआर कंपनीने तो १९७४ मध्ये बाजारात आणला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे निर्माते. पहिली आवृत्ती फक्त १००० प्रतींची होती आणि खोके हातानेच भरले होते. लक्षात ठेवा, जगभर पसरलेल्या मूळ खेळाची सुरुवात १००० प्रतींनी झाली.

मूळ पुस्तकात नियम असतात. पूरक पुस्तकांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक ‘साहस’, म्हणजे दोन-चार बैठकांत खेळून संपणारी तयार गोष्ट. दुसरं ‘सेटिंग’, म्हणजे एक अख्खं जग: देश, राजे, इतिहास, भुतं, नकाशे. सेटिंग विकत घेऊन खेळ चालवणाऱ्याने त्यातून स्वतःच्या गोष्टी रचायच्या.

आमच्या तरुणाने सेटिंग लिहिलं होतं, तेही काळोख्या प्रकारचं, जिथे दुष्ट शक्ती आधीच जिंकलेली असते आणि नायकांना जमेल तेवढंच वाचवायचं असतं. या प्रकारातलं बहुधा सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे रेव्हनलॉफ्ट.

धडा १ : सुरुवात एका खटकणाऱ्या गोष्टीतून झाली

ट्रेसी हिकमन एकदा दुसऱ्याने चालवलेला खेळ खेळत होते. भुयारातून जाताना एका खोलीत अचानक एक रक्तपिशाच भेटलं. ना त्याची काही गोष्ट, ना तिथे असण्याचं कारण. हा इथे करतोय काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला.

त्यातून ट्रेसी आणि त्यांच्या पत्नी लॉरा यांनी स्ट्राड फॉन झारोविच हे पात्र घडवलं. बॅरोव्हिया या धुक्याने वेढलेल्या दरीचा हा सरदार. धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर त्याचा जीव जडतो. लग्नाच्या दिवशी तो भावाला मारतो. ती मुलगी, तात्याना, वाड्याच्या तटावरून खाली उडी घेते. स्ट्राड अमर होतो, दरीचा मालक होतो, आणि त्याच दरीत कायमचा कैद होतो.

आता व्यवसायाचा मुद्दा. त्यांनी हे लगेच छापलं नाही. सुमारे पाच वर्षं दर हॅलोविनच्या सुमारास ते ही गोष्ट लोकांबरोबर खेळत राहिले. १९८३ मध्ये टीएसआरने ती ‘रेव्हनलॉफ्ट’ नावाने प्रसिद्ध केली, तेव्हा ती खेळून खेळून घासून लख्ख झालेली होती.

तुमच्या लोणच्याची चव घरच्यांनी वाखाणली म्हणून तुम्ही बरण्यांची ऑर्डर देता का? आधी परक्यांना खाऊ घाला.

धडा २ : छोटं, पण पूर्ण

१९८३ चं ते पुस्तक किती पानांचं होतं माहितीये? बत्तीस! एक दरी, एक गाव, एक वाडा, एक खलनायक. वाड्याचे नकाशे मात्र असे काढले की कुठला जिना कुठल्या मजल्यावर जातो ते तिरक्या, उभ्या-आडव्या चित्रात एकदम दिसतं.

आणखी एक युक्ती. खेळात एक ज्योतिषीण पत्ते काढून भविष्य सांगते. ते पत्ते खरोखरच टेबलावर मांडायचे. कोणते पत्ते निघाले त्यावर महत्त्वाच्या वस्तू कुठे लपल्यात आणि स्ट्राडला या वेळी नेमकं काय हवंय हे ठरतं. म्हणजे तीच बत्तीस पानं पुन्हा वापरली तरी खेळ वेगळा होतो. घेणाऱ्याला वाटतं, पैसे वसूल झाले.

२००४ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, ‘डंजन’ मासिकाने आजवरच्या सर्वोत्तम साहसांची यादी केली. त्यात हे बत्तीस पानी पुस्तक दुसऱ्या क्रमांकावर होतं. पानांच्या संख्येवर किंमत ठरवणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

धडा ३ : जग नंतर आलं, आणि एका नियमावर उभं राहिलं

साहस चाललं, लोकांनी आणखी मागितलं, १९८६ मध्ये दुसरा भाग निघाला. आणि १९९० मध्ये, म्हणजे पहिल्या पुस्तकानंतर सात वर्षांनी, रेव्हनलॉफ्टचं पूर्ण सेटिंग खोक्यात आलं.

या जगाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: इथे प्रत्येक प्रदेशाचा एक दुष्ट स्वामी असतो, आणि तो प्रदेश हाच त्याचा तुरुंग असतो. बॅरोव्हियात स्ट्राड, तसे दुसऱ्या प्रदेशांत दुसरे. सीमेवर धुकं. स्वामीच्या मनात आलं की सीमा बंद.

हे एक वाक्य कळलं की खेळ चालवणारा स्वतःसुद्धा नवा प्रदेश बनवू शकतो. असं वाक्य तुमच्या पूरक प्रॉडक्टला आहे का? “हे कशासाठी आहे?” असं गिऱ्हाइकाने विचारल्यावर तुम्हाला दहा मिनिटं बोलावं लागत असेल, तर काम अजून अर्धं आहे.

धडा ४ : इथे कंपनी चुकली

आता नीट वाचा. लेखाचा मुख्य मुद्दा इथे आहे.

टीएसआरला कळलं की सेटिंग विकलं जातं. मग त्यांनी सेटिंग काढायचा धडाकाच लावला. १९८७ मध्ये ‘फरगॉटन रेल्म्स’, १९८९ मध्ये ‘स्पेलजॅमर’, १९९० मध्ये रेव्हनलॉफ्ट, १९९१ मध्ये ‘डार्क सन’, १९९२ मध्ये ‘अल-कादिम’, १९९४ मध्ये ‘प्लेनस्केप’, १९९५ मध्ये ‘बर्थराइट’. प्रत्येक जगाची पुन्हा स्वतःची पूरक पुस्तकं, नकाशे, कादंबऱ्या.

कामं वाईट होती का? अजिबात नाही. यातली कित्येक जगं लोक आजही प्रेमाने आठवतात. गडबड गणितात होती. उदाहरणासाठी आकडे धरू.

समजा खेळणारे ५००० लोक आहेत. एका टेबलावर पाच जण, म्हणजे १००० टेबलं. सेटिंगचं पुस्तक साधारणपणे कोण घेतं? खेळ चालवणारा. बाकीचे चार जण त्याच्या पुस्तकावर खेळतात. म्हणजे ५००० खेळाडू दिसत असले तरी गिऱ्हाईक १०००.

एकच जग काढलं तर त्या हजारांतले बरेच जण ते घेतील. सात जगं काढली तर? खेळ चालवणारा एका वेळी एकाच जगात खेळ चालवतो. रेव्हनलॉफ्टवाल्याला डार्क सनचा नकाशा कशाला हवा? हजाराचे सात वाटे झाले, दर वाट्याला दीडशेच्या आसपास. लिहिणं, चित्रं, छपाईची तयारी यांचा खर्च मात्र सातही वेळा पूर्ण.

याला मी ‘एकाच भाकरीचे सात तुकडे’ म्हणतो. तुकडे वाढले म्हणून भाकरी मोठी होत नाही.

टीएसआर बुडण्याचं हे एकमेव कारण नव्हतं. दुकानांतून परत आलेल्या पुस्तकांचं ओझं होतं, इतर प्रॉडक्टमधली नुकसानी होती, कर्ज होतं. पण गिऱ्हाइकांची वाटणी हे त्यातलं एक ठळक कारण मानलं जातं. शेवटी १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली. त्या व्यवहारात कागदपत्रं तपासणाऱ्या रायन डान्सी यांनी नंतर लिहिलं की टीएसआर आपल्या गिऱ्हाइकांचं ऐकतच नव्हती. लोकांना काय हवंय हे विचारायची यंत्रणाच नव्हती.

रोलप्लेइंगच्या बाजारातलं सगळ्यात मोठं नाव, पण गिऱ्हाइकाला विचारलं नाही. माझ्या तीनशे डायऱ्या आठवल्या!

धडा ५ : परत आले ते उलट्या क्रमाने

विझर्ड्सने २०१४ मध्ये खेळाची पाचवी आवृत्ती आणली. रेव्हनलॉफ्टचं काय केलं? लगेच जगाचा जाडा ग्रंथ काढला नाही. २०१६ मध्ये ‘कर्स ऑफ स्ट्राड’ आलं. तोच स्ट्राड, तीच दरी, तेच पत्ते. पूर्ण खेळता येईल असं एक मोठं साहस. त्याला उदंड प्रतिसाद मिळाला.

मगच २०२१ मध्ये जगाचं पुस्तक आलं, ‘व्हॅन रिश्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट’. यात त्यांनी टेबलावरच्या उरलेल्या चौघांचाही विचार केला. आपलं पात्र अर्धं पिशाच असावं, मरून परत आलेलं असावं, शापातून शक्ती मिळालेलं असावं, यासाठीचे नियम त्यात आहेत. म्हणजे पुस्तक घ्यायला खेळाडूलाही कारण मिळालं. खेळ चालवणाऱ्यासाठी नवा प्रदेश कसा रचायचा याची पद्धत आहे. आणि भीतीचा खेळ सुरू करण्याआधी सगळ्यांनी बसून कुठले विषय नकोत हे कसं ठरवावं, याचंही मार्गदर्शन आहे. घाबरायला आलेलं गिऱ्हाईक दुखावून घरी जाऊ नये, ही काळजी.

दुखावण्यावरून आठवलं. जुन्या रेव्हनलॉफ्टमधल्या ‘व्हिस्तानी’ या भटक्या लोकांचं चित्रण युरोपातल्या रोमानी समाजाबद्दलच्या पूर्वग्रहांवर बेतलेलं होतं. त्यावर टीका झाली. २०२० मध्ये कंपनीने हे जाहीरपणे मान्य केलं आणि पुढच्या छपाईत मजकूर बदलला. ‘चाळीस वर्षं असंच चालत आलंय’ म्हणून हट्ट धरला नाही. मित्रांनो, प्रॉडक्ट भीतीचं असो की फरसाणाचं, कुणाच्या समाजाची टिंगल त्यात नको.

धडा ६ : दुसऱ्याच्या जागेवर बांधताना कागद बघा

पूरक प्रॉडक्ट म्हणजे भाड्याच्या गाळ्यातलं दुकान. मूळ खेळ दुसऱ्याचा, तुम्ही त्यावर बांधताय. म्हणून परवानगी काय आहे हे आधी वाचायचं.

२००० मध्ये विझर्ड्सने खुला परवाना आणला. त्यामुळे इतर लोक मूळ नियमांवर आधारलेली पुस्तकं विकू लागले. २०२३ च्या सुरुवातीला कंपनी हा परवाना बदलणार हे बाहेर आलं आणि छोट्या प्रकाशकांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रचंड विरोध झाला, कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा मूलभूत भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. आज श्रेय देऊन तो कुणीही व्यवसायासाठी वापरू शकतो.

दुसरा मार्ग म्हणजे २०१६ मध्ये सुरू झालेला ‘डीएम्स गिल्ड’ हा ऑनलाइन बाजार. तिथे रेव्हनलॉफ्टसारखी कंपनीची जगं वापरून तुम्ही लिहू शकता, आणि विक्रीतला निम्मा वाटा लेखकाला मिळतो. पण तिथे विकलेलं पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही.

स्वीडनच्या ‘मॉर्क बोर्ग’ या काळोख्या खेळाने तर सुरुवातीपासूनच आपल्या अटी पाळून इतरांना पूरक पुस्तकं काढायला आणि विकायला मोकळीक दिली. नतीजा? चाहते स्वतःच त्याच्यासाठी पूरक माल बनवत राहिले. कधी तुमचं मूळ प्रॉडक्ट मोठं झालं, तर हीही वाट लक्षात ठेवा.

मग त्या तरुणाला काय सांगितलं?

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं चहा घेऊन बसलो. मी त्याला तीन प्रश्न विचारले.

पहिला: हे पुस्तक वापरून खेळ चालवेल अशा किती माणसांना तू नावानिशी ओळखतोस? त्याने मोजले. अकरा.

दुसरा: त्यातल्या किती जणांनी तुझ्या जगात एकदा तरी खेळ चालवलाय? एकानेही नाही. दरवेळी त्याने स्वतःच चालवला होता.

तिसरा: तुझं जग एका वाक्यात सांग. तो पाच मिनिटं बोलला. मग गप्प झाला.

मी म्हटलं, “हे बघ, तुझं काम चांगलं आहे, म्हणूनच सांगतोय. अकरा गिऱ्हाइकांसाठी हजार प्रती छापू नकोस. आईच्या एफडीला हात लावायचा नाही. दोनशे चाळीसमधली बत्तीस पानं काढ. एक गाव, एक राखणदार, एक रात्र. त्याची पीडीएफ कर आणि त्या अकरा जणांना दे. तू टेबलावर बसायचं नाही. दुसऱ्याने चालवायचं, तू कोपऱ्यात बसून लिहून घ्यायचं. लोकांनी स्वतःहून मागितलं तर पन्नास प्रती डिजिटल छाप.”

त्याचा चेहरा पडला. तीन वर्षांच्या मेहनतीतून बत्तीस पानं वेगळी काढायची म्हणजे दुखणारच. निघताना म्हणाला, “बाकीच्या दोनशे पानांचं काय सर?”

“ती जात नाहीत कुठे,” मी म्हटलं. “रेव्हनलॉफ्टचं जग सात वर्षांनी आलं.”

परवा त्याचा फोन आला. सहा बैठका झाल्या होत्या, सहाही दुसऱ्यांनी चालवलेल्या. म्हणाला, “सर, मी राजघराण्याचा चाळीस पानी इतिहास लिहिला होता. सहा बैठकांत एकानेही राजाचं नाव विचारलं नाही. सगळे एकच विचारतात, तो राखणदार गावावर उलटला का? गावाने त्याचं काय केलं होतं?”

मी म्हटलं, “अभिनंदन! तुझं एक वाक्य सापडलं.”

एफडी अजून बँकेत आहे.

तुमचा गृहपाठ

आज रात्री दुकान बंद केल्यावर वही काढा आणि हे लिहा:

१. माझं मूळ प्रॉडक्ट कोणतं? ते सध्या किती जण वापरतात?
२. त्यातला प्रत्यक्ष पैसे देणारा कोण? (टेबलावर पाच बसतात, पुस्तक एक जण घेतो.)
३. माझं नवं पूरक प्रॉडक्ट आधीच्या पूरक प्रॉडक्टचंच गिऱ्हाईक खातंय का?
४. ते एका वाक्यात सांगता येतं का? ओळखीत नसलेल्या माणसाला सांगून बघा.
५. त्याची ‘बत्तीस पानी’ आवृत्ती कोणती? सगळ्यात छोटी, पण पूर्ण वाटेल अशी.
६. ती मी समोर नसताना कुणी वापरून पाहिली आहे का?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रिंटरला, मशीनवाल्याला, पॅकिंगवाल्याला, कुणालाच अ‍ॅडव्हान्स देऊ नका. आधी ती सहा माणसं शोधा.

पुढच्या व्हिडिओत आपण पूरक प्रॉडक्टची किंमत कशी ठरवायची ते बघणार आहोत. तोपर्यंत वहीतली पानं भरून ठेवा, आणि येताना सोबत आणा.

भेटूया.